पती-पत्नीचे पहिले घर: करसवलत दोघांना कशी मिळेल?

घणसोलीत किंवा कळव्यात पहिले घर घेताना पती-पत्नींनी केवळ कर्जाच्या अर्जात नव्हे, तर करारनाम्यातही दोघांची नावे घालावीत; कारण सहमालक आणि सहकर्जदार असलेल्या प्रत्येकाला, जुनी करप्रणाली निवडल्यास, राहत्या घराच्या व्याजावर वर्षाला 2 लाख रुपयांपर्यंत स्वतंत्र वजावट मिळू शकते. सूची क्रमांक 2 (घराच्या नोंदणीनंतर मिळणारा ‘इंडेक्स 2’ उतारा) यावरील दोन्ही नावे पॅनकार्डाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा, आणि हप्त्यातला आपापला वाटा प्रत्येकाच्या खात्यातूनच जाऊ द्या.

आयकर कायद्याच्या कलम 80 ईईएची व्याजावरील जादा दीड लाखाची वजावट मात्र 1 एप्रिल 2019 ते 31 मार्च 2022 या काळात मंजूर झालेल्या कर्जांपुरतीच आहे.

महिलांसाठीची मुद्रांक शुल्कातील 1 टक्क्याची सवलत हवी असेल, तर घर एकट्या पत्नीच्या नावे घ्यावे लागते आणि पतीची व्याजाची वजावट जाते; दोघेही कमावते असतील तर माझ्या मते संयुक्त मालकीच बरी.