जुलाबात मीठ-साखरेचं पाणी: माप का पाळायचं
पावसाळ्यात विहिरीचं पाणी गढूळलं की विदर्भातल्या गावांत जुलाब सुरू होतात. ओआरएसची पुडी नसेल तर उकळून गार केलेल्या 1 लिटर पाण्यात सपाट 6 चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवा.

आतड्याच्या पेशी मिठातलं सोडियम आणि साखरेतलं ग्लुकोज जोडीने आत ओढतात. त्यांच्यामागोमाग पाणी पेशीपटलातून आत जातं. म्हणून नुसतं पाणी पुरत नाही. साखर जास्त झाली की उलट पाणी आतड्यात ओढलं जातं, जुलाब वाढतात. मीठ जास्त झालं तर पेशींतलंच पाणी बाहेर येतं. लेकरांना ते फार घातक.

उलटी झाल्यास 10 मिनिटं थांबून चमचा-चमचा पाजा. लेकरू सुस्त पडलं, डोळे खोल गेले तर लगेच आरोग्य केंद्रात न्या, वाटेतही पाजत राहा.