कोकणात स्वयंपाकघराच्या भिंतीवर चित्र काढताय? आधी या चुका टाळा

श्रावण लागला की आमच्याकडे घरोघरी रंगाचे डबे उघडतात. गणपतीला चाकरमानी येणार, घर छान दिसायला हवं. मग भिंतीवर वारली नाचवायची हौसही तेव्हाच येते, म्हणजे चिऱ्याची भिंत वर्षभरात सगळ्यात ओली असते नेमकी तेव्हा.

मालवणच्या आमच्या भाचीने हेच केलं. ओट्यासमोरची भिंत पश्चिमेची, तिच्यावर पावसाची थेट झड. पूर्वी अशा भिंतीला बाहेरून झाप, म्हणजे विणलेल्या झावळ्या, बांधायचे, आता गिलावा केला की काम झालं असं लोक समजतात. तिने गेरूचा हात मारला आणि तांदळाच्या पिठाने तारपा नाच काढला. चित्र सुंदर होतं, खोटं कशाला बोलू? पण आधी मुंग्यांची रांग लागली, मग पिठावर काळी बुरशी आली, आणि गौरी यायच्या आत खालच्या नाचणाऱ्यांच्या पायाशी लोणा, म्हणजे भिंतीतला पांढरा खार, फुटून रंगाचे पापुद्रे निघाले. "मावशी, मोबाईलवर तर असंच दाखवलंय!" मोबाईलवाल्याची भिंत कुठली, तिथे पाऊस किती, हे कोण विचारणार? वर कहर म्हणजे तिने त्या पापुद्र्यांवरच दुसरा हात मारला. तोही गळला.

डहाणू-पालघरकडे पिठाने रंगवतात ते कुडाच्या, शेणामातीने सारवलेल्या भिंतीवर. लग्नाचा चौक, म्हणजे लग्नात भिंतीवर काढतात ते चौकोनी चित्र, लग्नापुरता असतो. भिंत पुन्हा सारवली की चित्र गेलं. तेच पीठ फोडणीच्या वाफेत वर्षानुवर्षं टिकावं ही अपेक्षाच चूक. स्वयंपाकघरात पांढरा ॲक्रिलिक वापरा. गेरू हवाच असेल तर त्यात थोडा फेव्हिकॉल घाला, नाहीतर येणाजाणाऱ्याची पाठ तांबडी होते.

भिंत कोरडी आहे का, हे हात लावून कळत नाही. मी प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून दोनेक दिवस ठेवते. भिंतीकडच्या बाजूला दव धरलं तर ब्रश उचलायचा नाही. बाहेरच्या बाजूला धरलं तर हवेतला दमटपणा आहे, भिंतीचा दोष नाही. लोणा आला असेल तर कोरड्या ब्रशने झाडायचा. पाण्याने धुतला की तो विरघळून परत आत मुरतो. आणि पाणी कुठून येतंय ते शोधल्याशिवाय वर कुठलाही रंग थापू नका, दुकानदार काही म्हणो.

खरं सांगायचं तर मी भिंतीवर काढतच नाही. जुनं सूप घेते, कागदाचा लगदा आणि भिजवलेल्या मेथ्या वाटून त्याच्या फटी लिंपते, उन्हात कडकडीत वाळवते, मग गेरू आणि वर चित्र. मे महिन्यात, आंबोशी वाळत घालतो त्याच अंगणात. पावसाळ्यात सूप उतरवून माळ्यावर ठेवता येतं, भिंत ठेवता येत नाही. एमडीएफच्या तयार पाट्या घेऊ नका, कडेने पाणी पितात आणि फुगतात.

दुसरी चूक उतावळ्यांची: पाऊस पडत असताना चित्रावर लॅकरचा, म्हणजे पारदर्शक लेपाचा, स्प्रे. हवा दमट असली की त्यावर पांढुरकी साय धरते आणि खालचा रंग मळकट दिसतो. मग फोन येतो, "डबा खराब निघाला." डब्याचं काही बिघडलेलं नसतं. चार दिवस उघडीप मिळेपर्यंत थांबवत नाही, एवढंच.

फ्रेम भिंतीला घट्ट टेकवू नका; मागे चारही कोपऱ्यांना बाटलीच्या बुचाचे काप चिकटवा, हवा खेळली की बुरशी कमी धरते. दोन्हीकडून चिकटणारी टेप डिस्टेंपरवर लावली तर रात्री फ्रेम पडते आणि येताना रंगही घेऊन येते. खिळाच मारा, तोही स्टेनलेस स्टीलचा, नाहीतर खाऱ्या हवेत गंजाचा ओघळ उतरतो. शिंपले लावणार असाल तर रिकामेच उचला आणि गोड्या पाण्यात पाणी बदलत भिजवा. न धुता लावलेल्या शिंपल्यांचा वास पाहुण्यांना सुक्या बाजाराची आठवण करून देतो.

आणि गॅसच्या वर काहीही टांगू नका, चिमणी असली तरी. बांगडे तळल्यावर त्या चित्राला हात लावून बघा.