घरी फटाके बनवायचा विचार आहे? मग आधी या चुका टाळा

दिवाळी महिन्यावर आली की ओळखीतलं कुणीतरी विचारतंच, "अरे घरच्या घरी चार अनार बनवले तर काय होतंय, विकायचे थोडीच आहेत?" ही सगळ्यात कॉमन चूक, बाकीच्या बऱ्याचशा हिच्याच पोटातनं निघतात. 1884 चा एक्स्प्लोझिव्ह्ज ॲक्ट (स्फोटकांचा कायदा, फटाकेही त्यातच येतात) आजही लागू आहे आणि त्यात विकणं वेगळं, बाळगणं वेगळं, बनवणं वेगळं धरलंय, त्यामुळे एक रुपयाचा माल विकला नाही तरी विनापरवाना बनवल्याबद्दल 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. छंद म्हणून सूट वगैरे काही नाही.

मग कुणीतरी नेटवरनं वाचून येतो की 15 किलोपर्यंत चालतं. अर्धवट वाचलेलं असतं हो. 2008 च्या स्फोटकांच्या नियमांत एका वेळी 15 किलोपर्यंत फटाके बनवायचा परवाना जिल्हाधिकारी देतात, त्याच्या वर गेलं की पेसोकडे (स्फोटकांचे परवाने बघणारी केंद्र सरकारची संस्था, मुख्य ऑफिस आपल्या नागपुरात) जावं लागतं. म्हणजे 15 किलो ही परवाना कोण देणार याची हद्द आहे, आणि तो परवाना मिळायला वेगळी शेड, आजूबाजूला ठरलेलं मोकळं अंतर वगैरे सगळं लागतं, टू बीएचकेच्या बाल्कनीला तो मिळणार नाही.

आता जी चूक आपण सगळ्यांनी केलीय ती. भाऊबीजेला सकाळी उठून गल्लीतले फुसके फटाके गोळा करायचे, पेपर पसरून त्यातली दारू काढायची आणि सगळ्यांची मिळून एक "मोठी आयटम" करायची. आमच्या आतेभावाने गच्चीवर स्टीलच्या ताटलीत हेच केलं होतं, वात लावायच्या आधीच कुठनं ठिणगी पडली देव जाणे, भप्पकन जाळ झाला आणि दोन्ही भुवया साफ, पुढचे पंधरा दिवस पोरगं शाळेत टोपी घालून जायचं आणि आत्या विचारणाऱ्याला सांगायची की गॅसचा भडका उडाला. डोळे वाचले हे नशीब. पण कायद्याच्या बाजूनं बघा, ॲक्टमध्ये "बनवणं" या शब्दात स्फोटक फोडून सुटं करणं, परत भरणं, त्यात बदल करणं हे सगळंच येतं. म्हणजे दुकानातनं पावती घेऊन आणलेला फटाका असला तरी तो उसवून परत भरला की तुम्ही उत्पादक झालात! आणि 18 वर्षांखालच्याला तर बनवायला कायद्यानेच मनाई आहे, पोरं करतायत म्हणून कौतुकाने व्हिडिओ काढू नका.

गावाकडे गंधक-पोटॅशचा बार उडवायचा प्रकार अजून दिसतो. यातला पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोरेट, आणि गंधक आणि क्लोरेट एकत्र असलेलं स्फोटक बनवायला आणि बाळगायला 1992 पासून देशभर बंदी आहे, कारण ते मिश्रण नुसत्या घासण्यानं किंवा ठोक्यानंही पेट घेतं. "आम्ही लहानपणी किती उडवले" हे उत्तर पोलीस स्टेशनात चालत नाही.

यूट्यूबवरचं बघून पण लोक फसतात. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी बनवायला केंद्रीय लायसन्स लागत नाही (साठवणुकीचे नियम आणि प्रत्येक राज्याचे कायदे वेगळेच), तो माणूस त्या भरवशावर व्हिडिओ टाकतो आणि आपण इथे सामान मागवतो. इथे 1908 चा एक्स्प्लोझिव्ह सबस्टन्सेस ॲक्ट पण आहे, त्यात स्फोटक बनवायचं साहित्यसुद्धा स्फोटकातच धरलंय आणि परिस्थिती संशयास्पद वाटली तर हेतू चांगला होता हे तुम्हाला दाखवावं लागतं, शिक्षा 10 वर्षांपर्यंत. द्राक्षवाल्याकडे भुरी रोगावर मारायला गंधक असणं वेगळं आणि तुमच्या कपाटात पुठ्ठ्याच्या नळ्या, वाती आणि पुड्या सापडणं वेगळं.

आणि "हा काय फटाका आहे का" असं म्हणायची चूक तर करूच नका. केकवर लावतात ती स्पार्कल कँडल बघितलीय ना, 8 डिसेंबर 2023 ला पिंपरी-चिंचवडच्या तळवड्यात ती बनवणाऱ्या बेकायदा कारखान्यात आग लागली आणि तिथं काम करणाऱ्या बायका होरपळून गेल्या. कार्बाइड गनचंही (कार्बाइड वापरून मोठा आवाज काढणारी पाइपची देशी बंदूक) तेच, 2025 च्या दिवाळीत मध्य प्रदेशात कितीतरी पोरांच्या डोळ्यांना इजा झाली.

आता समजा हे वाचेपर्यंत काहीतरी मिसळून ठेवलंच असेल. तर ते हलवू नका, संडासात ओतू नका, डबा घट्ट बंद करायला जाऊ नका आणि "चल स्टेशनला देऊन येतो" म्हणून डिकीत तर अजिबात टाकू नका. घरातल्यांना बाहेर काढा, 112 ला फोन लावा, काय आहे ते खरं खरं सांगा. भीती वाटते, मान्य आहे, पण स्वतःहून फोन केलेला माणूस आणि स्फोट झाल्यावर सापडलेला माणूस यात वकिलालाही फरक करता येतो.

हातांना खाज सुटलीच असेल तर यात्रेत शोभेचं दारूकाम करणारे परवानाधारक कारागीर असतात, त्यांच्याकडे जाऊन विचारा, बरेच जण लांबून का होईना दाखवतात. फक्त जाताना खिशात लायटर ठेवू नका, पहिल्या पावलाला हाकलतील.