ऑइल प्रेशर कमी दिसतंय? रिलीफ व्हॉल्व्हला हात लावण्याआधी हे वाचा

लहान विमानांच्या पिस्टन इंजिनांवर काम शिकायला लागलात की 'ऑइल प्रेशर लो' ही तक्रार लवकरच तुमच्या वाट्याला येणार. बहुतेक वेळा कागदावर एवढेच शब्द असतात. अशा वेळी पाना उचलू नका, आधी पायलटला गाठा. प्रेशर किती होतं, तेलाचं तापमान किती होतं आणि आरपीएम किती होते, हे तिन्ही आकडे एकाच क्षणाचे हवेत. नुसत्या प्रेशरच्या आकड्यावरून काहीच कळत नाही. गरम तेल पातळ होतं आणि आयडलला (इंजिन सर्वात कमी वेगावर नुसतं चालू असताना) पंप हळू फिरतो, त्यामुळे लांब उड्डाणानंतर जमिनीवर काटा खाली आलेला दिसणारच.

मर्यादासुद्धा इंजिनागणिक बदलतात. लायकॉमिंग ओ-३२० ला उड्डाणात साधारण ५५ ते ९५ पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच), आयडलला किमान २५ आणि सुरू करताना ११५ पर्यंत चालतं. कॉन्टिनेन्टल ओ-२०० ला ३० ते ६० आणि आयडलला १० पुरतात. म्हणजे एकाचा अगदी निरोगी आकडा दुसऱ्यासाठी धोक्याचा. समोरच्या विमानाचं मॅन्युअल उघडा, पाठांतरावर जाऊ नका.

मग गेज. इंजिनावर शंका घेण्याआधी गेजवर घ्या. खात्रीचं मेकॅनिकल गेज समांतर जोडून ग्राउंड रन करा (विमान जमिनीवर उभं ठेवून इंजिन चालवा) आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा. काटा क्षणात सत्तरवरून शून्यावर जाऊन लगेच परत आला, तर बहुधा सेंडर (प्रेशर मोजून गेजला सिग्नल देणारा भाग), त्याचं अर्थिंग किंवा सैल कनेक्टर. सेंडर थेट इंजिनावर बसवलेला असेल तर कंपनांनी तो लवकर जातो. काटा चढायलाच उशीर करत असेल तर गेजच्या लाइनमधला रिस्ट्रिक्टर पाहा. लाइन तुटली तरी सगळं तेल बाहेर जाऊ नये म्हणून त्याचं भोक मुद्दाम बारीक ठेवलेलं असतं, आणि तितक्याच सहज ते गाळाने बुजतं. टेस्ट गेजची होज प्रोपेलरपासून आणि एक्झॉस्टपासून लांब बांधा, आकडा कॉकपिटमधून वाचा. इंजिन चालू असताना काऊलिंगमध्ये (इंजिनाच्या झाकणात) हात घालायचा नाही. कुणी कितीही मोठ्या माणसाने सांगितलं तरी नाही.

आता रिलीफ व्हॉल्व्ह. हा भाग मी मुद्दाम लांबवणार आहे, कारण शिकताना माझी सगळ्यात जास्त दमछाक इथे झाली. प्रेशर कमी आहे, आणि प्रेशर 'वाढवायचा' स्क्रू समोर दिसतोय. मोह होतोच. पण रिलीफ व्हॉल्व्ह प्रेशर तयार करत नाही, तो फक्त जास्तीचं तेल सोडून देतो. गिअर पंप आरपीएमच्या प्रमाणात तेल ढकलतो, बेअरिंगच्या फटींतून ते वाट काढतं, आणि त्या अडथळ्यामुळे प्रेशर उभं राहतं. ते ठरलेल्या आकड्याच्या वर गेलं तरच स्प्रिंग दबते आणि तेलाची वाट अडवणारा बॉल सीटवरून उचलला जातो. टाकी निम्मीसुद्धा भरत नसेल तर ओव्हरफ्लोचा पाइप वर चढवून काय होणार?

म्हणून हे नीट समजून घ्या. गरम आयडलला प्रेशर कमी पण क्रूझला (स्थिर उड्डाणात) बरोबर असेल, तर आयडलला तो व्हॉल्व्ह मुळात बंदच असायला हवा. स्क्रू पिळून तिथे काही हलणार नाही. दोष दुसरीकडे आहे: चुकीच्या ग्रेडचं तेल, तेलात मिसळलेलं पेट्रोल, जास्त तापमान, सक्शनकडून (पंप तेल ओढतो त्या बाजूने) येणारी हवा, झिजलेला पंप किंवा वाढलेले बेअरिंग क्लिअरन्स. क्रूझलाही कमी असेल तर व्हॉल्व्हवरचा संशय वाढतो. या दोन्हींच्या मधली एक शक्यता नवीन माणसाला फार छळते. बॉल सीटवर पूर्ण बसत नसेल, तर बंद असूनही तो गळतो, आणि ती गळती आयडलला जास्त जाणवते. तेव्हा व्हॉल्व्ह उघडून पाहा जरूर, पण पाहण्यासाठी, पिळण्यासाठी नाही.

कॅप काढल्यावर स्प्रिंग आणि बॉल स्वच्छ पांढऱ्या कापडावर ठेवा. टॉर्च लावून सीटकडे पाहा. बॉल जिथे टेकतो तिथे अखंड, एकसारखी चकचकीत कडी दिसली पाहिजे. कडी एका बाजूला तुटलेली किंवा खरवडलेली असेल तर गळतीची वाट तीच. कधी तिथे काळा, नखाएवढासुद्धा नसलेला कण चिकटलेला सापडतो. चिमटीत चुरडला तर कार्बन. चुरडला नाही आणि लोहचुंबकाला चिकटला तर पोलाद, आणि मग प्रश्न व्हॉल्व्हचा उरत नाही. फिल्टर कापा. कटरनेच कापा, करवतीचा स्वतःचाच कीस आत पडतो. कागदाच्या घड्या काढून त्यातलं तेल दाबून काढा आणि उन्हात तिरक्या धरून पाहा. सक्शन स्क्रीनही (पंपाआधीची जाळी) काढा, आणि परत बसवताना तिथे नवा गॅस्केट घाला. जुना वापरला की पंप हवा ओढतो आणि काटा थरथरायला लागतो.

स्प्रिंग ओढून लांब करणारे लोक तुम्हाला भेटतील. त्यांच्याकडून दुसरं काहीही शिका, हे नको. ताणलेल्या स्प्रिंगचा भरवसा नसतो, आणि तिने वाढवलेला आकडा झिजणारं बेअरिंग झाकून ठेवतो. गेज तपासलंय, तेल नीट गरम आहे, बॉल-सीट स्वच्छ आहे आणि तरीही क्रूझचा आकडा मर्यादेबाहेर आहे, तेव्हाच मॅन्युअलप्रमाणे वॉशर किंवा स्क्रू. माझ्या मते चांगला गुरू तोच, जो तुमचा आकडा ऐकून आधी विचारतो, "तापमान किती होतं?" लगेच उत्तर देणाऱ्यांपासून मी आजही सावध असतो.

तापमानच वाढलेलं असेल तर प्रेशरच्या मागे लागू नका. ऑइल कूलरच्या पाकळ्यांत अडकलेला कचरा, फाटलेले बॅफल सील (हवा इंजिनावरून वळवणाऱ्या पत्र्यांच्या कडेच्या पट्ट्या), नीट न बसणारा व्हर्नाथर्म (गरम तेल कूलरकडे वळवणारा, तापमानावर चालणारा व्हॉल्व्ह) हे पाहा. तेल थंड झालं की प्रेशर बऱ्याचदा आपोआप जागेवर येतं.

दोन गोष्टींत तडजोड नाही. सुरू केल्यावर ३० सेकंदांत प्रेशर उठलं नाही तर इंजिन बंद. फार थंडीत थोडा जास्त वेळ मिळतो, तोही मॅन्युअल देईल तेवढाच. 'एकदा परत मारून बघू' म्हणणाऱ्याला थांबवा, तो तुमचा वरिष्ठ असला तरी. आणि उड्डाणात प्रेशर उतरत असताना तापमान चढत होतं असं पायलट म्हणाला, तर धातूचा शोध पूर्ण होईपर्यंत ते विमान हँगरबाहेर काढू देऊ नका.

सुरुवातीला सगळीच कारणं एकमेकांसारखी दिसतात. घाबरू नका, हे कुणालाच पहिल्या वर्षी सुटं सुटं दिसत नाही. मला ते दिसायला लागलं लॉगबुकमुळे. प्रत्येक ग्राउंड रनला गरम आयडल आणि ठरलेल्या एका आरपीएमचं प्रेशर, शेजारी तेलाचं तापमान आणि तेलाचा ग्रेड लिहीत जा. गरम आयडलचा आकडा त्याच तापमानाला दर तपासणीत थोडा थोडा उतरत असेल, तर पायलटची तक्रार येण्याआधीच मालकाला बेअरिंगबद्दल सांगा, आणि आकड्यांचं पान त्याच्यासमोर ठेवून सांगा.