वादळाच्या जुन्या छायाचित्राचे ठिकाण शोधताना या चुका टाळा

पडलेली घरे आणि उन्मळलेली झाडे दाखवणारे एखादे जुने छायाचित्र हाती आले की बहुतेक जण आधी वादळ ठरवून टाकतात आणि मग त्याच्या खुणा चित्रात शोधू लागतात. पुढच्या बहुतेक चुका या उलट्या क्रमातून होतात. 1864 सालचे कलकत्त्याचे चक्रीवादळ किंवा 8 सप्टेंबर 1900 रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्याचे गॅल्व्हेस्टन शहर उद्ध्वस्त करणारे वादळ यांची नावे प्रसिद्ध असल्यामुळे अनोळखी पडझडीची चित्रे सहज त्यांच्या खात्यावर जमा होतात. लहान गावांची वाताहत करून पुढे विस्मरणात गेलेली वादळे मात्र कितीतरी अधिक असतात.

त्याहूनही आधीची चूक म्हणजे नुकसान वाऱ्यानेच झाले, असे गृहीत धरणे. पुराचे पाणी भिंतींवर एका पातळीत रेघ सोडते आणि मागे गाळ ठेवते. भूकंपात छप्पर जागेवर राहून धुराडी किंवा भिंतींचे वरचे भाग कोसळलेले दिसू शकतात. आगीनंतर उभ्या भिंती काळवंडतात आणि लाकूडकाम नाहीसे होते. हे भेद न पाहिल्यास फसगत कशी होते, याचे चांगले उदाहरण मार्च 1913 मधले आहे. 23 मार्चला अमेरिकेतील ओमाहा शहराला टोर्नेडोचा (गरगर फिरणाऱ्या हवेच्या खांबासारख्या वादळाचा) तडाखा बसला आणि पुढच्या दोनतीन दिवसांत ओहायो राज्यातील डेटन पुरात बुडाले. दोन्ही आपत्तींची चित्रे एकाच काळातली असल्यामुळे केवळ तारखेवर विसंबणाऱ्याला एक शहर दुसरे वाटू शकते. झाडे कोणत्या दिशेला पडली आहेत, हेही नीट पाहावे: सरळ वाहणाऱ्या झंझावातात ती बहुधा एकाच दिशेला आडवी होतात, तर टोर्नेडोच्या मार्गात एकमेकांकडे कललेली किंवा एकमेकांवर पडलेली आढळतात. एकाच चौकटीत मावलेल्या चारदोन झाडांवरून मात्र निष्कर्ष काढू नये.

चित्राखालची ओळ हा पुरावा नसून कोणीतरी केलेला दावा आहे. ती त्याच वेळी लिहिली की नंतर अल्बम लावताना, हे शाई आणि हस्ताक्षर यांवरून काही वेळा उमगते. उत्तर हिंदी महासागरातील चक्रीवादळांना 2004 पासून नावे दिली जातात, अटलांटिकमधील वादळांना 1953 पासून स्त्रियांची नावे देण्यात येऊ लागली; त्याआधीच्या चित्राखाली अशा यादीतले नाव असेल तर ती ओळ निश्चितच मागाहूनची आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या मध्यभागात टोर्नेडोलाही ‘सायक्लोन’ म्हणत, त्यामुळे तो शब्द वाचून किनाऱ्यावरची गावे धुंडाळणे व्यर्थ ठरू शकते. छायाचित्रकाराच्या शिक्क्यावरील गाव म्हणजे घटनेचे गाव, हाही असाच घाईचा निष्कर्ष आहे. व्यावसायिक छायाचित्रकार रेल्वेने घटनास्थळी जात आणि परत येऊन पोस्टकार्डे विकत.

पोस्टकार्डाची मागची बाजू बरेच काही सांगते, पण तिच्याकडून नको तितकी अपेक्षा केली जाते. संदेश आणि पत्ता यांच्यामध्ये उभी रेघ असलेली कार्डे ब्रिटनमध्ये 1902 पासून आणि अमेरिकेत मार्च 1907 पासून चालू झाली. तिकिटाच्या चौकटीत ‘एझेडओ’ (AZO, फोटो छापण्याच्या कागदाचे व्यापारी नाव) ही अक्षरे आणि कोपऱ्यांतले चारही त्रिकोण वर टोक केलेले असतील तर तो कागद साधारण 1904 ते 1918 या काळातला मानतात. यावरून कागदाचे वय कळते, वादळाचे नव्हे. जुन्या निगेटिव्हवरून पुढे अनेक वर्षे प्रती काढता येत. टपालाचा शिक्का इतकेच सांगतो की चित्र त्या तारखेआधीचे आहे.

आता चित्राच्या आतल्या गोष्टी. निष्पर्ण झाडे दिसली की हिवाळा, असे समजू नये. जोरदार वादळ भर उन्हाळ्यातही पाने ओरबाडून नेते. त्यापेक्षा गवत आणि माणसांचे कपडे अधिक विश्वासार्ह. ढिगाऱ्यासमोर चांगल्या कपड्यांत उभी असलेली माणसे पीडित कुटुंबच असेल, असेही नाही. पडझड पाहायला येणाऱ्यांची गर्दी ही जुनीच गोष्ट आहे आणि रस्ता मोकळा झालेला असेल तर चित्र काही दिवसांनंतरचे असण्याचा संभव वाढतो. तमिळनाडूतील उजाड धनुष्कोडी गावाचे आज काढलेले चित्र डिसेंबर 1964 च्या वादळाचे म्हणून दाखवले जाते, तेव्हा त्यातील बरीचशी झीज नंतरच्या खाऱ्या वाऱ्याची असते, हेही विसरले जाते.

उलट प्रतिमाशोधाने (चित्र टाकून इंटरनेटवर तसेच चित्र शोधण्याने) काहीच हाती लागत नसेल तर पूर्ण चित्र पुन्हा पुन्हा टाकण्यात अर्थ नाही. मूळ प्रत 1200 डीपीआयने (दर इंचाला 1200 ठिपके) स्कॅन करावी आणि मनोरा, दुकानाची पाटी, पूल असे तुकडे कापून स्वतंत्रपणे शोधावेत. पाटीवरची अक्षरे उलटी दिसत असतील तर काचेची निगेटिव्ह उलट्या बाजूने छापली गेली आहे. चित्र आरशातल्यासारखे डावे-उजवे उलटवल्याशिवाय कोणताही नकाशा जुळणार नाही. पाटीवरचे नाव त्या काळच्या व्यापारी निर्देशिकेत सापडले तर गाव जवळजवळ निश्चित होते. मग अमेरिकेतील गावांसाठी सॅनबॉर्न कंपनीच्या आगविमा नकाशांवर (विमा कंपन्यांसाठी काढलेले इमारतींचे तपशीलवार नकाशे) इमारतींचे आकार आणि मजले ताडून पाहता येतात. तेथील टोर्नेडोंची अधिकृत नोंदसूची 1950 पासूनची आहे, म्हणून त्याआधीचे वादळ तिच्यात नाही याचा अर्थ ते झालेच नाही, असा घेऊ नये. तेव्हा स्थानिक वर्तमानपत्रेच वाचावी लागतात, आणि तीही आठवडाभराची, कारण पहिल्या दिवशीच्या बातमीतील मृतांचा आकडा आणि गावांची नावे बहुतेकदा चुकलेली असतात.

निष्कर्ष लिहिताना ठिकाण, तारीख आणि घटना यांची खात्री वेगवेगळी नोंदवावी. ठिकाण पाटीवरून निश्चित आणि तारीख केवळ संभाव्य, असे बरेचदा घडते. जुनी ओळ चुकीची ठरली तरी ती खोडू नये. नवी माहिती मऊ पेन्सिलीने वेगळ्या कागदावर लिहून चित्राबरोबर ठेवावी.