मांडवी एक्सप्रेस घरच्या रुळावरून का उतरते? इंजिन-डबे सजवताना या चुका टाळा

श्रावण सरत आला की फोंड्याच्या आमच्या घरी दोन कामं एकदमच निघतात. एक माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या चौकटीचं, सामान; दुसरं मखराभोवती फिरणारी छोटी आगगाडी. माटोळीला सगळं घर राबतं. गाडी माझ्या एकट्याच्या गळ्यात. एचओ मापाची, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाची. आपल्याकडचे डबे या मापात सहज तयार मिळत नाहीत, म्हणून परदेशी डब्याची चिरफाड करायची, नाहीतर थ्रीडी प्रिंटचं शेल (डब्याचं वरचं कवच) आणून बाकी सगळं हाताने घडवायचं. या खटाटोपात मी भरपूर माती खाल्ली आहे. एकदा तर खरीखुरी लाल माती इंजिनाला खायला घातली. ते पुढे येईलच.

आधी पळवा, मग रंगवा

नवं शेल हातात आलं की जीव रंगात आणि खिडक्यांच्या गजांत अडकतो. चाकं, वजन, कपलर (डबे जोडणारा आकडा) मागाहून बघू म्हणतो. मागाहून बघायचं तर रंगवलेला डबा उलटा धरावा लागतो, आणि ज्या गजांपायी दोन रात्री जागलो ते अंगठ्याखाली चिरडतात. आता मी प्रत्येक डबा उघड्या प्लास्टिकवरच चार-पाच दिवस पळवतो. पुढे, मागे, सांध्यांवरून (गाडी रूळ बदलते तिथून), ढकलून, ओढून. नापास झाला तर रंगाची बाटली उघडतच नाही.

नापास का झाला, हे शोधायची एक साधी रीत आहे. सगळे डबे एकाच जागी उतरत असतील तर दोष रुळाचा. एकच डबा जागोजागी उतरत असेल तर दोष डब्याचा. डब्याचा असेल तर पहिल्यांदा चाकांच्या आतल्या पाठींमधलं अंतर मोजा. एचओत ते साधारण १४.४ मि.मी. हवं. एक चाक जरी धुऱ्यावर अर्धा मि.मी. सरकलेलं असलं तरी सरळ रुळावर कळत नाही, सांध्यावर मात्र डबा टुणकन उडी मारतो.

दुसरी गोष्ट वजन. अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनचा ठोकताळा असा: एचओ डब्याला मुळात २८ ग्रॅम, वर लांबीच्या दर इंचाला १४ ग्रॅम. या हिशोबाने आपला जुन्या धर्तीचा निळा आयसीएफ डबा १६५ ग्रॅमच्या आसपास भरतो आणि नव्या धर्तीचा, लांब एलएचबी १८०च्या. प्रिंट केलेलं शेल याच्या पासंगालाही पुरत नाही. मी मासेमारीचं सामान विकणाऱ्या दुकानातून जाळ्याला लावायची शिशाची वजनं आणतो. स्वस्त, लहान, आणि डब्याच्या तळाशी नीट बसतात. पण ती फेविकॉलने चिकटवू नका. शिसं आणि त्या पांढऱ्या गोंदाची रासायनिक झटापट होते, शिसं हळूहळू फुगतं आणि वर्ष-दोन वर्षांनी डब्याच्या भिंती आतून फाकतात. इपॉक्सी वापरा, आणि शिसं हाताळल्यावर जेवायला बसण्याआधी हात साबणाने धुवा.

एलएचबी डब्याची शेपटी

या चुकीवर थोडं जास्त बोलायचंय, कारण गोव्याची गाडी करणारा हमखास इथेच अडकतो. मुंबई-गोवा धावणाऱ्या मांडवी आणि कोकणकन्या २०१९ मध्ये एलएचबी झाल्या, तसे मीही निळे आयसीएफ डबे कपाटात ठेवून एलएचबी घडवायला घेतले. डबा लांब, म्हणजे सगळंच त्या प्रमाणात लांब, असं मनाशी धरून चाललो. तसं नसतं.

आयसीएफच्या सांगाड्याची लांबी २१.३ मीटर, एलएचबीची २३.५. एचओत २४५ आणि २७० मि.मी. पण बोग्यांच्या मध्यांमधलं अंतर जवळपास तेवढंच: १४.७८ मीटर आणि १४.९० मीटर. (बोगी म्हणजे डब्याखालची चार चाकांची चौकट. आपण बोलताना अख्ख्या डब्यालाच बोगी म्हणतो, म्हणून सांगितलं.) बोगी तर उलट आखूड झाली. आयसीएफ बोगीच्या दोन धुऱ्यांत २,८९६ मि.मी., एलएचबीच्या फियाट बोगीत २,५६०. आपल्या मापात ३३ आणि २९. म्हणून एलएचबी शेलखाली जुन्याच बोग्या लावल्या की डबा ओळखीचा वाटतो, पण काहीतरी खटकत राहतं.

खरा घोळ वळणावर होतो. वाढलेली सगळी लांबी बोग्यांच्या बाहेर, डब्याच्या दोन्ही टोकांना गेली आहे. मखराभोवती जागा तुटपुंजी म्हणून आमचं वळण १८ इंची त्रिज्येचं होतं. त्यावर आयसीएफचं टोक रुळाच्या मध्यापासून साडेआठ मि.मी. बाहेर फेकलं जातं, एलएचबीचं १२. वळणाच्या आतल्या अंगाला दोन्ही डबे सारखेच, आठेक मि.मी. झुकतात, कारण बोग्यांमधलं अंतर सारखंच आहे. मी करमळी स्टेशनचा फलाट वळणाच्या बाहेरच्या अंगाला बसवला होता, तोही आयसीएफ डबा फिरवून, बेतून. पहिली एलएचबी गाडी सोडली आणि चर्र असा आवाज आला. फलाटाची पिवळी कड सोलत गाडी पुढे गेली, आणि तिसऱ्या डब्याच्या दारातली पायरी करमळीलाच उतरली.

उपाय तीन. जागा असेल तर ३० इंची वळण घ्या, तिथे हे टोक सातच मि.मी. बाहेर येतं. जागा नसेल तर कपलर डब्याच्या तळाला न लावता बोगीला लावा, म्हणजे तो बोगीबरोबर वळतो. पण मग लांब गाडी मागे ढकलताना डबे आडवे होतात, हे ठरवूनच पत्करायचं. तिसरा उपाय म्हणजे घट्ट वळणावर सरळ आयसीएफ चालवा. त्याला मात्र दोन्ही बाजूंना बफर असतात; वळणानंतर लगेच उलटं वळण आलं की शेजारच्या डब्यांचे बफर एकमेकांत अडकतात. दोन्ही वळणांमध्ये निदान एका डब्याइतका सरळ रूळ ठेवा.

चढाचंही तसंच. दूधसागरचा घाट करायचा म्हणून कुळे ते कॅसलरॉकची १ मध्ये ३७ (३७ मीटर पुढे जाताना एक मीटर वर) ही चढण जशीच्या तशी घेऊ नका. तिथे खऱ्या गाडीलाही मागून ढकलायला बँकर इंजिनं लागतात. कोकण रेल्वे आखताना जास्तीत जास्त चढ १ मध्ये १५० धरला होता. घरच्या गाडीला तोच मानवतो.

पावसाळ्यातला रंग

चवथ (गणेश चतुर्थी) भाद्रपदात, म्हणजे रंगकाम नेमकं हवेत पाणी भरलेलं असताना. स्प्रे-कॅनमधलं मॅट व्हार्निश झरझर उडतं, उडताना पृष्ठभाग थंड करतं, आणि हवेतली वाफ त्यावर धरते. निळा डबा सकाळी बुरशी आल्यासारखा पांढुरका दिसतो. घाबरून घासायला जाऊ नका. पूर्ण वाळू द्या, मग एसी दोन तास चालवलेल्या खोलीत लॅकर ग्लॉसचा अगदी पातळ हात मारा. बहुतेक वेळा पांढरेपणा त्यातच विरघळून जातो. एअरब्रश असेल तर कॉम्प्रेसरचा पाणी धरणारा फिल्टर दर दहा मिनिटांनी रिकामा करा. मे महिन्यापर्यंत जो कोरडाच असतो, तोच जुलैत रंगाबरोबर थेंब थुंकतो.

फेविक्विक हाही पावसाळ्यातला शत्रू. तो हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतो, आणि त्याची वाफ खिडकीच्या पारदर्शक प्लास्टिकवर धुकं धरते. खिडक्यांना फेविकॉल बरा. तिथे शिसं नाही.

आणि मे महिन्यापुरतं एक: पीएलएची शेल उन्हात उभ्या मोटारीत ठेवू नका. ते प्लास्टिक साठेक अंशाला मऊ पडतं. पणजीहून आणलेली दोन शेल अशी केळ्यासारखी वाकली.

अक्षरं

घरच्या प्रिंटरला पांढरी शाई नसते, त्यामुळे निळ्या डब्यावर पिवळी-पांढरी अक्षरं उमटवायची तर मी लग्नपत्रिका छापणाऱ्या स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडे जातो. पहिल्या वेळी त्याच्या संगणकात माझा फॉन्ट नव्हता. ‘द्वितीय श्रेणी’मधली पहिली वेलांटी जोडाक्षराच्या पोटात शिरली, आणि ‘श्रे’चा रकार की मात्रा काय ते ओळखू येईना. अक्षराची उंची दोन मि.मी. चार डब्यांवर डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायची अक्षरांची पातळ पट्टी) चढवल्यानंतर भिंगातून पाहिलं, तेव्हा समजलं. फाइल देताना अक्षरांचे कर्व्ह करून द्या (म्हणजे फॉन्ट नसला तरी आकार बदलत नाही) आणि एक नमुना कागदावर छापून भिंगाखाली वाचा.

मराठी हाताला आणखी एक खोड असते. डब्यावरच्या हिंदीत ‘कोंकण रेलवे’ असतं, आपण ते ‘कोकण रेल्वे’ करून मोकळे होतो. फोटोत जे आहे तेच छापा. डिकलखाली चांदीसारखी चमक दिसली तर चूक रंगाची: मॅट पृष्ठभागावर डिकल बसतच नाही, खाली हवा राहते. आधी ग्लॉस, मग डिकल, शेवटी मॅट.

वीज

जुन्या इंजिनात डिकोडर (रुळातून आलेला हुकूम वाचून मोटर चालवणारी छोटी चकती) बसवताना मोटरचं एक टोक बऱ्याचदा चासीला टेकलेलं असतं. तसंच ठेवून करंट दिला की डिकोडरचा धूर. मल्टिमीटर बीपवर ठेवा. डिकोडरची केशरी आणि करडी तार जिथे जोडायची ती मोटरची टोकं दोन्ही रुळांशी तपासा. बीप वाजली तर थांबा. पहिली चाचणी प्रोग्रॅमिंग रुळावर (डिकोडरला नंबर द्यायच्या वेगळ्या रुळावर), तिथे करंट कमी असतो. नवा डिकोडर सहसा ३ नंबरच्या पत्त्याला उत्तर देतो.

डब्यातल्या दिव्यांना रेझिस्टर लावायचा कंटाळा करू नका, आणि पिवळसर एलईडी घेऊ नका. आपल्या डब्यांत ट्यूबलाइटसारखा पांढरा उजेड असतो.

रूळ पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल. एका स्नेह्याने फेणी सुचवली होती. फेणीत निम्म्याहून जास्त पाणी असतं, आणि वास पुढच्या चवथीपर्यंत जात नाही.

लाल माती

गोव्यातल्या गाडीच्या अंगावर निव्वळ काळपट मळ खोटा वाटतो. खाली बोग्यांवर जांभ्याची लाली हवी. मी अंगणातली माती वस्त्रगाळ केली, ब्रशने चोपडली, आणि दोन फेऱ्यांत इंजिन कुरकुरू लागलं. मातीत चुंबक फिरवून पाहिला तर टोकाला काळी पूड चिकटली. तीच मोटरच्या चुंबकाने ओढून घेतली होती. आता माती आधी चुंबकाखालून जाते, इंजिनाची खालची बाजू टेपने बंद होते, आणि शेवटी वर मॅटचा हात बसतो.

इतकं सगळं सांभाळूनही एका वर्षी फजिती झालीच. निळे आयसीएफ डबे फार देखणे झाले होते, आणि विजेवर चालणारं नवं डब्ल्यूएपी-७ इंजिनही तयार होतं, म्हणून दोन्ही जोडून मखराभोवती सोडले. शेजारचे काका रेल्वेतून निवृत्त. दर्शन घेतलं, करंजी उचलली आणि खाली वाकले.

“बाबा, ही मांडवी ना?”

“हो काका.”

“डबे निळे, म्हणजे २०१९ च्या आधीची. कोकण रेल्वेवर सगळीकडे वीज आली २०२२ मध्ये. मग हे इंजिन गोव्यात कुणी आणलं? गणपतीने?”

आरतीची घंटा वाजायच्या आत मी कपाटातून डिझेलचं डब्ल्यूडीपी-४डी काढलं आणि पुढे जोडलं. काकांनी दुसरी करंजी घेतली.