इंजिनाला आगीचा इशारा आला तर: एअरबस ए-३२० च्या कॉकपिटमधला क्रम

टेकऑफनंतर लगेच घंटा वाजू लागली, लाल दिवा लागला आणि इकॅमच्या (विमानातल्या बिघाडाची सूचना आणि करायच्या कामांची यादी दाखवणाऱ्या यंत्रणेच्या) पडद्यावर 'इंजिन १ फायर' आलं, तरी पहिलं काम विमान उडवणं हेच. धावपट्टीपासून ४०० फूट वर जाईपर्यंत आवाज बंद करण्यापलीकडे काही करू नका. दिशा आणि वेग सांभाळा.

मग इकॅमची एकेक ओळ वाचत जा. त्या इंजिनाचा थ्रस्ट लिव्हर (जोर कमी-जास्त करणारा दांडा) आयडलला, म्हणजे सगळ्यात कमी जोरावर, इंजिन बंद करणारा मास्टर स्विच ऑफ, मग फायर पुशबटन (आगीसाठीचं दाबायचं बटन). तिन्ही वेळा हात ठेवून थांबा. दुसऱ्या वैमानिकाने बघून होकार दिल्यावरच पुढे. इथे घाई जिवावर बेतते. ८ जानेवारी १९८९ ला इंग्लंडमध्ये केगवर्थजवळ पडलेल्या बोइंग ७३७-४०० मध्ये बिघाड डाव्या इंजिनात होता आणि बंद केलं गेलं उजवं. ४७ प्रवासी दगावले.

फायर बटन दाबलं की त्या इंजिनाचं इंधन, हायड्रॉलिक तेल आणि ब्लीड हवा (इंजिनातून विमानासाठी घेतली जाणारी दाबाची हवा) बंद होते, त्याचा जनरेटरही तुटून वेगळा होतो. आग विझवणारी पहिली बाटली मात्र १० सेकंदांनी सोडा. तेवढ्यात इंजिनाचा पंखा मंदावतो; इंजिनाच्या आवरणातून जोराची हवा वाहत असेल तर बाटलीतला वायू आगीवर टिकतच नाही. ३० सेकंदांनंतरही दिवा लाल असेल तर दुसरी सोडा. तिसरी नसते.

मग रेडिओवर 'मेडे' हा संकटाचा संदेश द्या, केबिन प्रमुखांना कळवा. आग विझली तरी ते इंजिन पुन्हा सुरू करू नका. जवळच्या योग्य विमानतळावर उतरा.